पर्यटनस्थळांवरच्या बंदिस्त प्राण्यांसाठी दाद कशी मागावी: नागपूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मे महिन्यात दुपारी नागपुरात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो. आपण कूलरसमोरून हलत नाही. त्याच वेळी कुठे सिमेंटच्या पिंजऱ्यात एखादा बिबट्या भिंतीच्या हातभर सावलीला चिकटून धापा टाकत असतो, तर कुठे तलावाकाठी जीन कसलेला घोडा संध्याकाळच्या गिऱ्हाइकाची वाट बघत उन्हात उभा असतो. बघणाऱ्याला वाईट वाटतं. तो फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, खाली 'किती क्रूर' असे पन्नास मेसेज येतात आणि तिसऱ्या दिवशी सगळे विसरतात. प्राणी तिथेच राहतो.

असं होण्याचं मुख्य कारण माझ्या मते लोकांची उदासीनता नाही. नागपुरात प्राण्यांसाठी जीव टाकणारी माणसं पुष्कळ आहेत. पण आपली तक्रार मोघम असते आणि ती चुकीच्या टेबलावर जाते. 'प्राण्यांचे हाल थांबवा' या वाक्यावर कोणताही अधिकारी काहीच करू शकत नाही. 'अमुक पिंजऱ्यातल्या कूलरला पाणी नाही, सात दिवसांत पाइपलाइन जोडा' या वाक्यावर त्याला काहीतरी करावंच लागतं, नाहीतर का केलं नाही ते लिहून द्यावं लागतं. पुढचं सगळं मार्गदर्शन याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी ठरवा: हा प्राणी कुणाच्या ताब्यात आहे?

पत्ता चुकला की महिने वाया जातात. म्हणून कागद-पेन घेण्याआधी एवढं शोधा.

प्राणिसंग्रहालय असेल, तर त्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 लागू होतो आणि दिल्लीच्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. पण रोजचा कारभार कुणाकडे आहे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. महाराजबाग महापालिकेची आहे असं अर्ध्या शहराला वाटतं. प्रत्यक्षात ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत, नागपूरच्या कृषी महाविद्यालयाकडे आहे. तिथल्या पिंजऱ्याबद्दल महापालिकेत अर्ज दिला तर तो नुसता फिरत राहील. गोरेवाड्याचं आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यान, जिथली इंडियन सफारी 26 जानेवारी 2021 ला सुरू झाली, ते वनविकास महामंडळाकडे, म्हणजे एफडीसीएमकडे आहे.

तलावाकाठच्या किंवा जत्रेतल्या घोडा-उंटाच्या सवाऱ्या, बग्ग्या, टांगे हा दुसरा प्रकार. हे पाळीव प्राणी, त्यामुळे वनविभागाचा इथे संबंध नाही. लागू होतो तो प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा. दाद मागायची ती पोलीस ठाणे, जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे. या सोसायटीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

तिसरा प्रकार सगळ्यात निसरडा: शहराबाहेरचे रिसॉर्ट, ॲग्रो-टुरिझमची केंद्रं, वॉटर पार्क. तिथे 'मिनी झू' नावाखाली ससे, बदकं, विदेशी मकाव, इग्वाना असं काहीही एकत्र कोंडलेलं असतं. यात देशी पोपट, मोर, हरीण, स्टार कासव यांपैकी काही दिसलं, तर ते थेट वन्यजीव कायद्यात येतं. वनविभागाच्या 1926 या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर त्याच दिवशी कळवा. विदेशी प्रजातींसाठी 2022 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचे नियम आले आहेत, तेव्हा मालकाकडे नोंदणीचा कागद आहे का, एवढंच वनविभागाला विचारायला लावायचं. सशा-बदकांसाठी 1960 चा कायदा आहेच.

माकडाचा किंवा अस्वलाचा खेळ आणि नागपंचमीला टोपलीतला नाग, यांना रस्त्यावरच्या खेळासाठी परवानगी मिळत नाही. तिथे पत्रव्यवहारात वेळ घालवू नका, लगेच 1926 लावा.

काय बघायचं आणि कसं बघायचं

ही पायरी लोक घाईत उरकतात आणि इथेच सगळी मोहीम कच्ची राहते. प्राणी 'उदास दिसतो' हे तुमचं मत झालं. जे मोजता येतं, ज्याचा फोटो निघतो आणि जे उद्या येऊन दुसरा माणूसही पाहू शकतो, ते टिपा.

सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी जल्लीकट्टूसंबंधीच्या नागराज खटल्याच्या निकालात प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं मान्य केली: भूक-तहान नसणं, अस्वस्थ करणाऱ्या परिस्थितीतून सुटका, वेदना-इजा-आजारापासून संरक्षण, भीती आणि तणावापासून मुक्तता, आणि आपल्या जातीला साजेसं वागण्याची मुभा. तुमच्या वहीची हीच पाच पानं करा.

पाण्यापासून सुरुवात करा. हौदात पाणी आहे का, हे सगळेच बघतात. ते पाणी प्राण्याच्या तोंडाला पुरतं का, त्यावर शेवाळ आहे का, दुपारी दोन वाजता ते सावलीत आहे की उन्हात तापलंय, हे बघा. मग सावली. सकाळी नऊला सावलीत असलेला कोपरा दुपारी भर उन्हात असतो, म्हणून एकाच पिंजऱ्याला सकाळी, दुपारी आणि बंद व्हायच्या आधी अशी वेगवेगळ्या वेळी भेट द्या. ग्रीन नेट फाटली असेल तर ती नेमक्या कुठल्या बाजूने फाटली आहे, ते लिहा.

कूलरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण उन्हाळ्यात 'प्राण्यांसाठी कूलर लावले' ही बातमी दरवर्षी येते आणि आपण समाधान मानतो. कूलर असणं वेगळं, थंड हवा देणं वेगळं. जवळ जाता आलं तर ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंचे गवताचे पडदे, बघा. ओल्या असतील तर रंग गडद दिसतो आणि खालून थेंब गळतात. कोरड्या असतील तर गवत पांढुरकं पडलेलं असतं, कडेला क्षाराचा थर चढलेला असतो, आणि तो पंखा बाहेरची झळ थेट प्राण्याच्या अंगावर फेकत असतो. अशा कूलरपेक्षा नसलेला परवडला. पंख्याचा आवाज आणि कोरड्या ताट्या दोन्ही येतील असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. या एका व्हिडिओवर काम होतं.

वागणुकीत एक गोष्ट ओळखायला शिका. वाघ-बिबट्या एकाच रेषेत, एकाच ठिकाणी वळून, तासन्‌तास येरझारा घालत असेल. अस्वल जागेवर उभं राहून डोकं डोलावत असेल. पोपट-मकावने स्वतःची छातीची पिसं उपटून कातडी उघडी पाडली असेल. तर ती बंदिवासाच्या ताणाची खूण असते. आहार देण्याच्या वेळेआधी थोड्या येरझारा सगळेच घालतात, म्हणून वेळेची नोंद हवीच. दहा मिनिटं सलग व्हिडिओ घ्या, मध्ये कापू नका.

घोड्याच्या बाबतीत चार ठिकाणं बघा: बरगड्या, पाठ, तोंड, खूर. दुरूनही बरगड्या मोजता येत असतील तर त्याचं पोट भरत नाही. जिनाखाली आणि पट्ट्याच्या जागी केस गेलेले, ओलसर लाल चट्टे असतील तर ते लागलेलं आहे. ओठांचे कोपरे फाटलेले असतील तर लगाम बघा. काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला 1965 च्या ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधीच्या नियमांत साफ बंदी आहे. खूर पुढे वाढून चपलेसारखे पसरले असतील, तर नालबंद कित्येक महिन्यांत फिरकलेला नाही.

याच 1965 च्या नियमांतली आणखी एक तरतूद नागपूरसाठी सोन्यासारखी आहे, तरी फार थोड्यांना ती ठाऊक असते. तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 या वेळेत गाडीला किंवा ओझ्याला जनावर जुंपता येत नाही. शिवाय दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. आपल्याकडे मार्चअखेरपासून पावसाळा लागेपर्यंत 37 अंश ही नेहमीची बाब. हवामान खात्याचा त्या दिवसाचा आकडा तुमच्या फोटोशेजारी ठेवला की वादाला जागा राहत नाही.

पुरावा टिकेल असा ठेवा

फोटोत तारीख, वेळ, ठिकाण उमटवणारं ॲप वापरा. मूळ फाइल फोनमधून काढू नका, कारण प्रकरण कोर्टात गेलं तर नव्या साक्ष अधिनियमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ उपकरण महत्त्वाचं ठरतं. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा घसरत नाही.

पर्यटकांच्या वाटेवरूनच चित्रण करा. कठडा ओलांडू नका, पिंजऱ्याला हात लावू नका, प्राण्याला काही खायला घालू नका. संग्रहालयात प्राण्याला छेडणं, खाऊ घालणं, गोंगाट करणं हा वन्यजीव कायद्याच्या कलम 38-जे खाली गुन्हा आहे. तुम्हीच त्यात सापडलात तर मोहीम संपली. चित्रणात लहान मुलं आणि कर्मचाऱ्यांचे चेहरे टाळा.

शक्य असेल तर पशुवैद्यकाचं मत जोडा. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय याच शहरात आहे. शिकवणारे, निवृत्त झालेले, खासगी दवाखाना चालवणारे कितीतरी जाणकार इथे राहतात. 'फोटोवरून निदान करा' असं म्हणून त्यांना अडचणीत आणू नका; 'या फोटोत काय दिसतं आणि याची तपासणी व्हायला हवी का' एवढंच लेखी मागा.

पिंजऱ्यावरच्या माणसाशी बोला

कीपर, घोडेवाला, रिसॉर्टचा माळी यांना शत्रू समजून सुरुवात केली तर तुम्हाला खरी माहिती कधीच मिळणार नाही. एका तलावाकाठी घोडेवाल्याला विचारलं होतं, "दादा, याला पाणी कधी पाजलं?"

"सकाळी पाजलं ना भाऊ घरून निघताना. आता रात्रीच्याला."

"मधात नाही?"

"इथं नळ कुठी आहे? तलावाचं पाणी पाजलं तर पोट धरते त्याचं. अन् बादली आणली तर सामान ठेवू कुठं?"

घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, कडक उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. ते त्याला मिळत नव्हतं, हे सरळ सरळ हालच होते. पण त्या उत्तरात मागणीही मिळाली: त्या जागी हौद आणि नळ, आणि सावलीसाठी शेड. गुन्हा नोंदवून त्या माणसाची रोजी गेली असती आणि दुसऱ्या महिन्यात त्याच जागी दुसरा घोडा उभा राहिला असता. जिथे मालक मुद्दाम मारतो, जखमी जनावर जुंपतो, तिथे मात्र ही सबुरी नको.

संग्रहालयातल्या कीपरचं नाव तुमच्या पत्रात किंवा पोस्टमध्ये कधीही टाकू नका. त्यांतले बरेचसे रोजंदारीवर असतात. तुम्हाला खरं सांगितल्याची शिक्षा त्यांना व्हायला नको.

पहिलं पत्र

एका पत्रात एका ठिकाणच्या तीनच मागण्या. प्रत्येक मागणीला मुदत. भाषा सभ्य, विशेषणं शून्य. नमुना असा:

'प्रति, (संस्थाप्रमुखांचं पद). विषय: बिबट्याच्या पिंजऱ्यातील उन्हाळी व्यवस्थेबाबत. महोदय, मी दिनांक ___ रोजी दुपारी 2.15 वाजता आपल्या संग्रहालयास भेट दिली. पिंजऱ्यातील कूलरच्या ताट्या कोरड्या होत्या. पाण्याचा हौद उन्हात होता. पश्चिम बाजूची ग्रीन नेट फाटलेली होती. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. विनंती: (1) कूलरला पाण्याची कायम जोडणी सात दिवसांत करावी. (2) हौदावर सावली त्याच मुदतीत करावी. (3) पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्राण्याची तपासणी करून तिचा निष्कर्ष मला लेखी कळवावा. मी पुन्हा भेट देऊन पाहणी करीन.'

पत्र हाताने नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. शिक्का नसेल तर ते पत्र दिलंच नाही असं समजा. संग्रहालयाबाबत असेल तर प्रत सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांना द्या. हेच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक, आणि ते नागपुरात बसतात. बाकी महाराष्ट्राला हे सुख नाही. एक प्रत केंद्रीय प्राधिकरणाला ईमेलने. सवारीचे प्राणी असतील तर प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, सोसायटीचे अध्यक्ष म्हणून, हे शब्द लिहूनच.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार

पंधरा दिवस थांबा, मग अर्ज करा. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आतला असावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून भरा. तीन विषय असतील तर तीन अर्ज.

'प्राण्यांची काळजी घेतली जाते का' असा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर 'होय' येतं. कागद मागा: केंद्रीय प्राधिकरणाच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल आणि त्यावर संस्थेने दिलेला अनुपालन अहवाल, मागच्या तीन वर्षांतली मृत्यू नोंदवही आणि शवविच्छेदनाचे अहवाल, पशुवैद्यक आणि कीपर यांची मंजूर व भरलेली पदं, एका महिन्याची आहार नोंदवही आणि मांस पुरवठ्याचा करार. मांस कुठून येतं आणि देण्याआधी त्याची तपासणी कशी होते, हा प्रश्न किरकोळ नाही. डिसेंबर 2024 मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, तेव्हापासून तर हा प्रश्न प्रत्येक मांसभक्षी प्राणी ठेवणाऱ्या संस्थेला विचारायलाच हवा.

तीस दिवसांत माहिती नाही मिळाली तर पहिलं अपील, फी वीस रुपये. तिथेही नाही झालं तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं.

पोलिसांकडे कधी जायचं

प्राणी आत्ता मरणाच्या दारात असेल, कुणी मारत असेल, तर 112. बाकी प्रकरणांत कायद्याची ताकद किती, हे आधी माहीत असलेलं बरं. 1960 च्या कायद्यात अपुरा पिंजरा, आखूड साखळी, अन्नपाणी न देणं, हे सगळं कलम 11 खाली गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. संताप येतो, यायलाच हवा. शिवाय यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, त्यामुळे ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून घेतील आणि ते नियमानुसारच असेल. तिथे भांडण करू नका. त्याऐवजी कलम 34 कडे लक्ष वेधा: पोलीस शिपायाच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस प्राणी ताब्यात घेऊन पशुवैद्यकीय तपासणीसाठी हजर करू शकतो. तपासणीचा सरकारी कागद हातात आला की पुढचं सोपं होतं.

एक मुदत विसरू नका. या कायद्याखाली घटनेपासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो. पत्रं लिहिण्यात उन्हाळा गेला, पावसाळ्यात कोर्टात गेलात, तर उशीर झालेला असतो. प्राण्याला ठार किंवा जायबंदी केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि पोलिसांना थेट गुन्हा नोंदवता येतो.

दबाव वाढवायचा तो इथे

नागपूरकरांकडे एक संधी दरवर्षी चालून येते: हिवाळी अधिवेशन. सगळं सरकार इथे असतं. पण डिसेंबरात आमदाराला गाठून उपयोग नाही, तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते, आधीच जमा झालेले असतात. दिवाळीच्या आसपास आमदारांच्या कार्यालयात जा, माहिती अधिकारात मिळालेले कागद आणि एका पानाचं टिपण द्या, प्रश्नाचा मसुदा स्वतः लिहून न्या. खात्याचं नाव बरोबर लिहा: संग्रहालय विद्यापीठाकडे असेल तर कृषी, गोरेवाड्यासाठी वने, घोड्यांसाठी पशुसंवर्धन.

पत्रकाराला कागदासह भेटा, नुसत्या फोटोसह नको. समाजमाध्यमांवर लिहिताना दिसलं ते लिहा, हेतू चिकटवू नका. 'मालक पैसे खातो' हे सिद्ध करता येत नसेल तर लिहू नका. बदनामीचा दावा झाला की मोहिमेची सगळी शक्ती वकिलात जाते. उच्च न्यायालयाचं खंडपीठ शहरातच आहे, पण जनहित याचिका शेवटी. न्यायालय पहिलं हेच विचारतं की आधी प्रशासनाकडे दाद मागितली का, आणि तेव्हा तुमची शिक्क्याची पत्रं कामी येतात.

'बंद करा' म्हणण्याआधी

प्राणी जाणार कुठे, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर ही मागणी करू नका. बंदिवासात वाढलेला वाघ जंगलात सोडता येत नाही. बचाव केंद्रांतल्या जागा मोजक्या असतात. महाराजबागेची मान्यता 2018 मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने रद्द केली, अपील झालं, संग्रहालय चालू राहिलं. एवढ्या मोठ्या आदेशानंतरही प्राणी त्याच आवारात होते. म्हणून मोठ्या पिंजऱ्याची, भरलेल्या पदांची, सावलीची, खेळण्या-चढण्याच्या सोयीची मागणी कायम सोबत चालू ठेवा. मुंबईत उच्च न्यायालयाने 2015 मध्ये हौशीच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा गाडीवाल्यांचं आणि घोड्यांचं पुनर्वसन हा विषयही सोबतच आला. आपल्याकडे बग्ग्यांबद्दल मोहीम काढायची तर ई-बग्गीसाठी कर्ज-परवान्याचा आणि घोडे कोण सांभाळणार याचा प्रस्ताव पहिल्याच निवेदनात असायला हवा.

एखादा प्राणी हलवला गेला किंवा पिंजरा सुधारला, तर जाहीर आभार माना आणि तीन महिन्यांनी पुन्हा त्याच वेळी, त्याच जागी जाऊन बघा. हलवलेल्या प्राण्याची प्रकृती कशी आहे, हे नव्या संस्थेकडून माहिती अधिकारात मागवा. आणि उन्हाळ्याच्या व्यवस्थेचं पत्र मे महिन्यात लिहू नका, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात द्या. कूलर दुरुस्ती आणि ग्रीन नेटची खरेदी मंजूर व्हायला महिना-दीड महिना जातो, आणि होळीनंतर ऊन थांबत नाही.